माळ्यावरचा झेडएक्स स्पेक्ट्रम: आधी मीटर, मग वीज

सोल्डरबुवा

सिंक्लेअरचा जुना झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक, हाती लागला की घरात सापडेल तो ॲडॉप्टर खुपसून टीव्हीकडे बघत बसायची खाज सुटते. ती दाबा. बंद पडलेली बरीचशी यंत्रं ४० वर्षांच्या वयाने मरत नाहीत, त्या पहिल्या पाच मिनिटांत मरतात.

हा धागा रबरी बटणांच्या ४८के (४८ किलोबाइट मेमरीच्या) यंत्राबद्दल आहे. हे एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलं. १६के १२५ पौंडांना होतं, ४८के १७५ ला. आत ३.५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड८०ए प्रोसेसर, १६ किलोबाइटचा रॉम आणि फेरांटीने बनवलेली यूएलए नावाची चिप. चित्र, कीबोर्ड, कॅसेट आणि आवाज ही चारही कामं यूएलए एकटी ओढते.

पहिला मुद्दा ध्रुवतेचा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर लागतात आणि मधली पिन उणे असते. बाजारातल्या बहुतेक ॲडॉप्टरांची मधली पिन अधिक असते. उलटा लागला तर अडवायला आत डायोड नाही, ५ व्होल्ट बनवणारा ७८०५ रेग्युलेटर आणि टीआर४ ट्रान्झिस्टर थेट बळी जातात. गिटारच्या पेडलचे ॲडॉप्टर मधली पिन उणेवाले असतात, पण त्यातले बरेच अर्धा अँपिअरही धड देत नाहीत. तसा लावला तर चित्र थरथरतं आणि दोष मेमरीवर ढकलला जातो. ९ व्होल्ट, २ अँपिअरचा स्विच मोड घ्या, वायर कापून ध्रुवता उलटी जोडा आणि मीटरने खात्री करून मगच लावा.

मूळ सिंक्लेअरचा ॲडॉप्टर असेल तर भाराशिवाय मोजल्यावर १२-१४ व्होल्ट दिसतील. घाबरू नका, तो अनरेग्युलेटेड आहे, भाराखाली उतरतो.

राउटरचा १२ व्होल्टवाला «चालतो» असं कोणी सांगितलं तर साधा हिशोब करा. ७८०५ मधून ०.८ अँपिअर जात असेल तर ९ व्होल्टला (९−५)×०.८ म्हणजे ३.२ वॅट उष्णता होते, १२ ला ५.६ वॅट. ती सगळी ॲल्युमिनियमच्या त्या एका पत्र्यावर, बंद डब्यात.

आता खोला. खालच्या बाजूला ५ फिलिप्स स्क्रू आहेत. वरचं झाकण ओढून उचलू नका, कीबोर्डच्या दोन रिबन बोर्डात खोचलेल्या असतात. झाकण थोडं उचला, दोन्ही रिबन सरळ वर काढा, मग झाकण बाजूला. बोर्ड एकाच स्क्रूने धरलेला असतो.

वीज दिल्यावर मोजायच्या जागा सांगतो. खालच्या १६ किलोबाइट मेमरीच्या आठ ४११६ चिपा (आयसी६ ते आयसी१३) आहेत. त्यातल्या कुठल्याही एकीवर मीटर लावा:

पिन १: उणे ५ व्होल्ट
पिन ८: अधिक १२ व्होल्ट
पिन ९: अधिक ५ व्होल्ट
पिन १६: ग्राउंड

नेहमीच्या टीटीएल चिपांत ८ ग्राउंड आणि १६ ला ५ व्होल्ट असतात. इथे तसं नाही, म्हणून काळा प्रोब सवयीने ८ वर नेऊ नका. प्रोब घसरून शेजारच्या पायाला लागला तर १२ व्होल्ट ॲड्रेसच्या तारेत शिरतात.

---

फावला_वेळ

वाखुसा (वाचनखूण साठवली). सगळं वरच्या क्रमाने मोजलं. ५ व्होल्ट बरोबर आहेत (४.९८). पिन ८ वर ८.६, पिन १ वर जवळपास शून्य. पडद्यावर उभे काळे-पांढरे पट्टे आणि मधूनमधून रंगीत चौकोन. बोर्ड इश्यू (आवृत्ती) ३बी.

---

सोल्डरबुवा

फावला_वेळ, आधी वीज बंद करा. ४११६ ला उणे ५ नसताना दुसरी वीज मिळत राहिली की चिपा एकामागून एक जातात. याला «थोडा वेळ चालू ठेवून बघू» चालत नाही.

तुमचे आकडेच दोष सांगतात. १२ आणि उणे ५ हे दोन्ही बोर्डवरच्या छोट्या कन्व्हर्टरमधून बनतात: टीआर४ (झेडटीएक्स६५०), टीआर५ (झेडटीएक्स२१३) आणि शेजारची कॉइल. टीआर४ ने झटपट चालू-बंद होत राहायला हवं. तो थांबला की ९ व्होल्ट कॉइलमधून तसेच पुढे येतात, म्हणून १२ च्या जागी साडेआठ दिसतात. उणे ५ तर त्या हालचालीवरच बनतात, म्हणून ते शून्य.

क्रम असा ठेवा:

१. वीज बंद ठेवून ४११६ च्या पिन ८ आणि १६ मधला रोध मोजा. काही ओहमच आला तर एखादी चिप आतून शॉर्ट आहे. ती काढल्याशिवाय नवा टीआर४ बसवलात तर तोही जाईल. लोक इथेच तीन-तीन ट्रान्झिस्टर जाळतात.
२. टीआर४ आणि टीआर५ दोन्ही बदला, फक्त मेलेला नव्हे.
३. कॉइल बघा. इनॅमल काळं पडलं असेल किंवा वेढे सुटले असतील तर तीही बदला.
४. पुन्हा वीज द्या आणि आधी पिन १ मोजा. उणे ४.५ ते उणे ५.५ च्या आत आलं तरच पुढे.

टीआर४ जाण्याचं नेहमीचं कारण मागच्या बाजूला असतं. विस्ताराच्या कडेवर ९, १२ आणि उणे ५ व्होल्ट उघडे आहेत. वीज चालू असताना जॉयस्टिकचा इंटरफेस काढला-घातला किंवा तो तिरका बसला की कडेवर शॉर्ट होतो. खाचेतली छोटी किल्ली नसलेले इंटरफेस तर वापरूच नका.

---

झेड_ऐंशी

सोल्डरबुवांनी विजेचं सांगितलं, मी मेमरीचं सांगतो.

निरोगी यंत्र चालू केल्यावर क्षणभर पडदा काळा होतो आणि त्यावर बारीक लाल उभ्या रेघा येतात. त्या रेघा म्हणजे रॉमची मेमरी तपासणी. रॉम प्रत्येक बाइटमध्ये २ भरतो. चित्राच्या भागात २ म्हणजे आठ ठिपक्यांत उजवीकडून दुसरा ठिपका पेटलेला. रंगाच्या भागात २ म्हणजे काळ्यावर लाल. म्हणून प्रत्येक चौकोनात एक अशा ३२ रेघा. रेघा जाड दिसल्या, जोडीने आल्या किंवा आल्याच नाहीत, तर खालच्या मेमरीत एखादा बिट अडकलाय. कुठला, ते ठिपक्याच्या जागेवरून मोजता येतं: आयसी६ म्हणजे बिट ०, आयसी१३ म्हणजे बिट ७.

पडद्यावर सिंक्लेअरचा १९८२ वाला संदेश आला म्हणजे खालची १६ किलोबाइट ठीक आहे. वरची ३२ बघायला बेसिकमध्ये ही ओळ द्या (पीक म्हणजे मेमरीतला आकडा वाचणं, पोक म्हणजे तिथे आकडा लिहिणं):

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

उत्तर ६५५३५ आलं तर ४८ किलोबाइट पूर्ण. ३२७६७ आलं तर यंत्र १६के तरी आहे किंवा वरची मेमरी पहिल्याच बाइटला नापास झालीय. मधलाच आकडा आला तर तपासणी तिथे अडली. रॉम पहिला चुकीचा बाइट दिसला की थांबतो आणि उरलेल्या मेमरीवर समाधान मानतो, म्हणून यंत्र वरकरणी ठणठणीत वाटतं आणि मोठे गेम मात्र लोड होऊन लटकतात.

मग बिट शोधायचा. पोक ४००००,२५५ द्या आणि प्रिंट पीक ४०००० विचारा. समजा उत्तर २४७ आलं. २५५ वजा २४७ म्हणजे ८, म्हणजे बिट ३. वरच्या मेमरीत आयसी१५ हा बिट ० आणि आयसी२२ हा बिट ७, म्हणून दोषी आयसी१८. शून्य पोक करूनही बघा, काही चिपा ० वर अडकतात तर काही १ वर. एकदम चार-पाच बिट चुकले तर चिपा काढत सुटू नका, वरच्या मेमरीचं ॲड्रेस फिरवणाऱ्या आयसी२५ आणि आयसी२६ (७४एलएस१५७) आधी बघा.

वरच्या चिपा ४५३२ जातीच्या असतात, म्हणजे अर्धा भाग खराब निघालेल्या ६४ किलोबिटच्या चिपा. सिंक्लेअरने त्या स्वस्तात घेतल्या आणि चांगला अर्धा भाग वरचा की खालचा ते बोर्डवरच्या लिंकने ठरवलं. बदलायला पूर्ण ४१६४ घेतली तर दोन्ही अर्धे चांगले असतात, लिंकला हात लावायची गरज नाही.

पण हीच ४१६४ खालच्या ४११६ च्या जागी तशीच घालायची नाही. ४१६४ ला पिन ८ वर ५ व्होल्ट लागतात, तिथे बोर्ड १२ देतो.

---

जपून_जपून

एक वेगळं मत मांडतो. यंत्र उघडलं की सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, असा सल्ला सरसकट दिला जातो. कमी पडणारे व्होल्ट, कपॅसिटरची फुगलेली टोपी, बोर्डवर चिकट डाग, यातलं काही नसेल तर आधी मोजा. सिंक्लेअरच्या बोर्डचे तांब्याचे पट्टे नाजूक आहेत. जास्त तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने गोल पॅड उचकटलं की कपॅसिटर नवा आणि बोर्ड कायमचा अधू.

---

सोल्डरबुवा

मोजा हे मान्य. पण कन्व्हर्टरजवळचे आणि ७८०५ च्या आसपासचे तरी बदलाच. ते रोज तापतात, आतलं द्रव सुकतं आणि मग उणे ५ वर लहर येते. मीटर सरासरी दाखवतं, लहर दाखवत नाही. त्यामुळे आकडा बरोबर येतो आणि पडदा तरी नाचतो.

दोन गोष्टी सांभाळा. मूळ कपॅसिटर ॲक्सिअल, म्हणजे दोन्ही टोकांना पाय असलेले. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ते नेहमी मिळतीलच असं नाही. रेडिअल घेऊन आडवा बसवला तरी चालतो, लांब पायावर स्लीव्ह चढवा. दुसरं, काही इश्यूंच्या बोर्डवर एखाद्या कपॅसिटरची + खूण उलटी छापलेली आहे. काढण्याआधी फोटो घ्या आणि फोटोप्रमाणे बसवा, छपाईप्रमाणे नव्हे.

---

झेड_ऐंशी

भर: बोर्ड इश्यू १ चा असेल तर यूएलएजवळ एक चिप पाय वर करून चिकटवलेली दिसेल. कोणीतरी केलेली दुरुस्ती समजून ती उपटू नका. यूएलएमधली चूक झाकायला कारखान्यातच बसवलेली आहे. दुरुस्तीवाले तिला «मेलेलं झुरळ» म्हणतात, आणि दिसतेही तशीच.

---

फावला_वेळ

टीआर४, टीआर५ बदलले. एक ४११६ (आयसी९) शॉर्ट होती, तिच्या जागी बेस लावून नवी घातली. आता पिन ८ वर १२.१, पिन १ वर उणे ५.०. लाल रेघा दिसल्या, संदेश आला, उत्तर ६५५३५. पण ०, पी, ए, क्यू, १, एंटर, स्पेस आणि कॅप्स शिफ्ट चालत नाहीत. बाकी सगळी बटणं चालतात.

---

झेड_ऐंशी

वा, दोष तुम्ही जवळजवळ स्वतःच शोधलात. ही आठ बटणं प्रत्येक अर्ध्या ओळीच्या बाहेरच्या टोकाची आहेत. कीबोर्ड म्हणजे ८ अर्ध्या ओळी गुणिले ५ उभ्या तारा, एकूण ४० बटणं. पाच तारांची रिबन उभ्या तारांची, आठ तारांची रिबन अर्ध्या ओळींची. म्हणून:

आठ विखुरलेली बटणं मेली: ५ वाल्या रिबनची एक तार तुटली.
शेजारशेजारची पाच बटणं मेली: ८ वाल्या रिबनची एक तार तुटली, किंवा त्या ओळीचा डायोड (डी१ ते डी८) गेला.

मेंब्रेनचं (बटणांखालच्या तारा छापलेल्या पातळ थराचं) प्लास्टिक वयाने कडक होतं आणि रिबन बोर्डात शिरते त्याच वाकावर तडकते. तात्पुरता उपाय: कात्रीने शेवटचे ४-५ मिलिमीटर सरळ कापा आणि उरलेलं टोक पुन्हा खोचा. एकदोनदा जमतं, नंतर रिबन बोर्डापर्यंत पोचत नाही. नवं मेंब्रेन आजही बनतं. तेच घ्या, चांदीच्या रंगाने रेघा ओढत बसू नका.

मेंब्रेन बदलताना वरचा काळा पत्रा काढावा लागतो. तो दुहेरी चिकटपट्टीवर असतो आणि पातळ आहे. हेअर ड्रायरने कडेकडेने गरम करा आणि प्लास्टिकच्या पट्टीने (जुनं एटीएम कार्ड उत्तम) हळूहळू सोडवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटला तर पडलेली घडी परत सरळ होत नाही आणि इंद्रधनुष्याच्या पट्ट्यांवरच दिसत राहते.

बटणांची तपासणी करायला दोन ओळी पुरतात:

१० प्रिंट ॲट ०,०; इन ६५२७८;" "
२० गो टू १०

(इथे आज्ञा देवनागरीत आहेत, टंकताना बटणावरचा इंग्रजी शब्दच निवडायचा.) ६५२७८ म्हणजे कॅप्स शिफ्ट ते व्ही ही ओळ. काहीही दाबलेलं नसताना इश्यू ३ वर १९१ दिसतो. कॅप्स दाबलं की १९०, झेड १८९, एक्स १८७, सी १८३, व्ही १७५. बाकी ओळी: ६५०२२, ६४५१०, ६३४८६, ६१४३८, ५७३४२, ४९१५०, ३२७६६.

इश्यू २ वर मोकळ्या ओळीचा आकडा २५५ येतो, १९१ नाही. फरक बिट ६ चा, म्हणजे कॅसेटच्या इनपुटचा. काही जुने गेम पाच बिट वेगळे न काढता अख्ख्या बाइटची तुलना करतात. ते इश्यू २ वर चालतात आणि इश्यू ३ वर «कीबोर्ड मेला» असं वाटायला लावतात. इम्युलेटरमध्ये «इश्यू २ कीबोर्ड» हा पर्याय असतो तो यासाठीच.

---

फीत_फिरव

आता कॅसेटकडे. खरं घोडं इथे पेंड खातं.

टेपवर काय असतं ते माहीत असलं की अर्धे दोष कानाने कळतात. आधी सुमारे ८०७ हर्ट्झची सलग शिट्टी: हेडरच्या आधी ५ सेकंद, डेटाच्या आधी २ सेकंद. यावेळी बॉर्डरवर (चित्राभोवतीच्या चौकटीवर) लाल आणि आकाशी पट्टे. मग खरखर, बॉर्डर निळा-पिवळा. शून्य बिट साधारण २०४७ हर्ट्झचं एक आवर्तन, एक बिट त्याच्या निम्म्या वेगाचं, १०२३ हर्ट्झचं. म्हणजे फरक फक्त लांबीचा. सरासरी वेग सेकंदाला १३६० बिटांच्या आसपास. सुरुवातीचं चित्र ६९१२ बाइटांचं असतं, त्याला ४० सेकंद लागतात. ४० हजार बाइटांच्या गेमला चार मिनिटं.

चित्र तीन तुकड्यांत आणि आठ-आठ ओळी सोडून भरतं, आणि शेवटच्या साडेचार सेकंदांत ७६८ बाइट रंग येतात. चित्र भरताना एखाद्या ओळीपासून ठिपके विस्कटले तर त्याच क्षणी थांबवा. शेवटी बेरीज चुकणार आणि «आर टेप लोडिंग एरर, ०:१» येणार हे नक्की. तपासणीचा बाइट एकच असतो आणि तो सगळ्या बाइटांचा एक्सऑर असतो, एक बिट चुकला तरी तो पकडतो.

लक्षणं वाचायची पद्धत:

पट्टेच येत नाहीत, बॉर्डर नुसता आळशीपणे लाल-आकाशी बदलतो: आवाज पोचत नाही. व्हॉल्यूम वाढवा, ईअरची (आवाज आत घेणाऱ्या सॉकेटची) वायर तपासा.

«प्रोग्राम:» आणि नाव दिसतं पण पुढे एरर: पातळी ठीक आहे, हेडचा कोन चुकलाय. शिट्टी सहन करते, बारीक खरखर करत नाही.

दर वेळी वेगळ्या जागी एरर: रेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल किंवा फीत घसरतेय. दर वेळी त्याच जागी: फितीवरच डाग किंवा सुरकुती.

व्हॉल्यूम पाऊण, ट्रेबल पूर्ण, बास शून्य. डॉल्बी बंद. ईअर आणि माइक दोन्ही वायरी एकदम लावू नका: लोड करताना फक्त ईअर, सेव्ह करताना फक्त माइक. तसं न केलं तर सेव्ह करताना निघणारा सिग्नल रेकॉर्डरमधून परत आत येतो.

हेडचा कोन: कॅसेटच्या झाकणाजवळ किंवा हेडच्या शेजारी एक स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून ईअरफोन लावा आणि स्क्रू पाव फेऱ्याच्या आत हळूहळू फिरवा. खरखर जिथे सर्वांत तीक्ष्ण, कानाला टोचेल इतकी स्वच्छ येते, ती जागा. हाताशी मूळ कोन टिपून ठेवायला नेलपॉलिशचा ठिपका बरा. ज्या रेकॉर्डरवर कॅसेट भरली गेली त्याचाच कोन चुकीचा असेल तर तुमचा कोन मुद्दाम चुकीचा करावा लागतो. म्हणून दुसऱ्याकडून आलेल्या प्रत्येक कॅसेटला वेगळा कोन, यात नवल नाही.

---

कोकणातला_दमट

पावसाळ्यात कपाटात पडलेल्या कॅसेटच्या फितीवर पांढरे ठिपके आहेत. थेट लावाव्यात का?

---

फीत_फिरव

अजिबात नाही. ती बुरशी आहे. एक कॅसेट लावली की हेडवर थर बसतो आणि तोच पुढच्या दहा कॅसेटांना लागतो.

कॅसेट स्क्रूची असेल तर उघडा, चिकटवलेली असेल तर फीत दुसऱ्या स्क्रूच्या डब्यात हलवावी लागते. दोन्ही चकत्या एकदम उचलू नका, फीत सुटून गोळा होतो. मग हाताने फिरवत, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओल्या, धागे न सोडणाऱ्या कापडातून फीत हलक्या चिमटीत सरकवा. कापड ओलं हवं, गळतं नको. पूर्ण कोरडी होऊ द्या. तोंडावर मास्क लावा आणि हे काम गॅलरीत करा. जुन्या व्यावसायिक स्पूलच्या फिती चिकट झाल्या की मंद तापवतात, ते इथे करू नका, तो रोग वेगळा आहे.

डब्यातला फेल्टचा छोटा दाबगादी तुकडा गळून पडला असेल तर फीत हेडला टेकत नाही आणि आवाज खोलवरून येतो. दुसऱ्या कॅसेटचा काढून चिकटवा.

साफ झालेली कॅसेट पहिल्यांदा चालवताना स्पेक्ट्रमला नाही, संगणकाला जोडा. ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो, नॉइज रिडक्शन बंद. लाट शेंड्याला चपटी होऊ देऊ नका. फ्यूज या इम्युलेटरच्या जोडसाधनांत ऑडिओ२टेप आहे, तो त्या ध्वनिमुद्रणातून टीझेडएक्स (इम्युलेटरला कळणारी टेपची) फाइल काढतो. उलट दिशेला टेप२वेव्ह.

---

मोबाइलवाला_भाऊ

फोनमधून थेट वाजवून लोड करता येतं का? टेप रेकॉर्डर नाहीये.

---

फीत_फिरव

येतं. अडचणी तीन. स्पेक्ट्रमचा ईअर मोनो आहे, फोनची पिन स्टीरिओ, म्हणून स्टीरिओ-मोनो जोडणी लागते. फोनचा आवाज पूर्ण चढवा, «कानाच्या काळजीसाठी» घातलेली मर्यादा उठवा, इक्वलायझर आणि «सराउंड» बंद. आणि विमान मोडमध्ये टाका, मधेच वाजलेला एक मेसेज चार मिनिटं पाण्यात घालतो. फाइल वेव्हच हवी. कमी बिटरेटची एमपी३ लाटेचे काठ गुळगुळीत करते आणि स्पेक्ट्रम तर काठच मोजत असतो.

झटपट लोडरवाले गेम तरीही अडले तर ध्वनीची लाट उलटी करून बघा, काही लोडरांना ठरावीकच ध्रुवता लागते.

---

जपून_जपून

चित्राचं कोणी लिहिलं नाही. मूळ यंत्र यूएचएफ चॅनल ३६ वर, ५९१ मेगाहर्ट्झच्या आसपास सोडतं. चपट्या टीव्हीचा आपोआप शोध ते चुकवतो, हाताने ट्यून करा. टीव्हीवर आवाज शोधू नका, स्पीकर यंत्राच्या आतच आहे.

कॉम्पोझिट (अँटेनाऐवजी थेट व्हिडिओ) हवं असेल तर मॉड्युलेटरमध्ये (टीव्हीचा सिग्नल बनवणाऱ्या डबीत) जाणाऱ्या दोन तारांपैकी ५ व्होल्टची सोडवा, व्हिडिओची तार काढा, आतून सॉकेटला जाणारा रोधक सोडवा आणि व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून (अधिक टोक बोर्डकडे) सॉकेटच्या मधल्या पिनला द्या. काढलेल्या तारेवर टेप गुंडाळून आतच ठेवा, कधी मूळ स्थितीत आणायचं झालं तर सोपं जातं.

---

नाशिकची_द्राक्षं

भारतात १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यावर आणलेला डीबी स्पेक्ट्रम+ होता. त्यालाही हे सगळं लागू होतं का?

---

झेड_ऐंशी

तो स्पेक्ट्रम+ घराण्यातला. स्पेक्ट्रम+ म्हणजे ऑक्टोबर १९८४ चं कडक बटणांचं खोकं, आत ४८के चंच काम. वीज, मेमरी, टेपचं सगळं लागू. फरक दोन: ५८ बटणं असल्यामुळे मेंब्रेन अनेक थरांचं आणि वेगळं, रबरी यंत्राचं त्यात बसत नाही. आणि डाव्या बाजूला रीसेटचं बटण आहे, म्हणजे प्रत्येक वेळी वायर ओढायची गरज नाही.

---

फावला_वेळ

नवं मेंब्रेन बसवलं, सगळी बटणं चालतात. पहिली कॅसेट जेट सेट विली (१९८४) या गेमची. लोड झाली. पण ॲटिक या खोलीत जाऊन आल्यावर दुसऱ्या खोल्यांत पाय ठेवताच विली मरतो. हाही मेमरीचा दोष?

---

झेड_ऐंशी

नाही, यंत्र निर्दोष आहे, हा गेमचाच जगप्रसिद्ध दोष. ॲटिकमधल्या बाणाची जागा पडद्याबाहेरची दिलीय, म्हणून तो उडताना भलत्याच मेमरीत लिहितो आणि दुसऱ्या खोल्यांची माहिती खराब होते. प्रकाशक सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सने सुरुवातीला सांगून टाकलं की त्या खोल्यांत विषारी वायू आहे! नंतर दुरुस्तीचे पोक निघाले:

पोक ६०२३१,०
पोक ४२१८३,११
पोक ५६८७६,४
पोक ५९९०१,८२

शेवटचा बाणाचा. आधीचे तीन खोल्यांमधल्या अडचणींचे, ते नसतील तर सगळ्या ८३ वस्तू गोळा करता येत नाहीत.

घालायचे कसे: लोड ऐवजी मर्ज "" वापरून बेसिकचा लोडर आणा, म्हणजे तो आपोआप धावत नाही. शेवटच्या रँडमाइझ यूएसआर (गेम सुरू करणारी आज्ञा) च्या आधी पोक टाका, रन करा आणि टेप पुढे चालू द्या. पोक गेमच्या आधी दिले तर लोड होणारे बाइट ते पुसून टाकतात. मूळ कॅसेटला रंगांच्या कार्डाचं कोडही विचारलं जातं, कार्ड हरवलेलं असेल तर तिथे गाडी अडते.

अमर विली हवा असेल तर पोक ३५८९९,०. मॅनिक मायनरला (१९८३) तोच उपाय ३५१३६,० वर. दोन्ही जागी मूळ बाइट ५३ असतो, झेड८० च्या भाषेत «एक कमी कर». तिथे शून्य म्हणजे «काही करू नको», म्हणून जीव कमी होतच नाहीत. पोक देण्याआधी पीक करून बघा. ५३ नाही आला तर तुमच्याकडची आवृत्ती वेगळी आहे, तिथे हात घालू नका.

---

फावला_वेळ

५३ आला.